शहाणं बाळ

"किती शहाणं बाळ आहे हो! एवढ्या गर्दीत हूं नाही की चूं नाही," दवाखान्यातल्या बाकावरची एक बाई म्हणाली. आजी सुखावली आणि नातवाला घेऊन तपासणीच्या खोलीत शिरली. मागोमाग सून आली, बाळंतपणाने फिकट पडलेली.

आत शिकाऊ सहायक एकटीच होती. ती डॉक्टर नव्हे. डॉक्टरांच्या हाताखाली रुग्ण तपासायला, साधीसुधी दुखणी निस्तरायला शिकत होती. येणारेजाणारे तिला गमतीने 'अर्धी डॉक्टर' म्हणत. डॉक्टरबाई पलीकडच्या खोलीत एका सुताराच्या तळहाताला टाके घालत होत्या. सकाळी तिने त्यांना एकदा घामोळ्यांसाठी धावत बोलावलं होतं आणि एकदा चक्क उचकीसाठी. तेव्हा बाईंनी चष्म्यावरून पाहिलं होतं. "अगं, दर वेळी मला हाका मारशील, तर शिकशील कधी?"

"नुसतं वजन करायचंय," आजी म्हणाली.

सहायकेने बाळाला उघडं करून काट्यावर ठेवलं. गार पत्रा लागला की तान्ही मुलं आकांत करतात. हे गप्प राहिलं. तिने त्याचा हात उचलून सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

"दूध पितोय ना?"

"काल रात्रीपासून तोंडच लावत नाहीये," सून खाली बघत म्हणाली. "मी आईंना म्हणत होते..."

"झोपाळू आहे हो. याचा बाप अस्साच होता," आजी हसली. "आणि ताप म्हणाल, तर नावाला नाही. उलट अंग गार आहे."

एवढंसं बाळ तापण्यापेक्षा गार पडलं तर जास्त घाबरायचं, असं सहायकेला शिकवलं होतं. तिने छातीवर बोट दाबून उचललं. पांढरा ठसा उमटला, तो जाईचना. तिने साखर बघायला टाचेत सुई टोचली. रक्ताचा थेंब आला. बाळाने डोळेही उघडले नाहीत.

पुन्हा हसं झालं तर? होऊ दे. देवा, माझं हसंच होऊ दे.

"बाई!" तिने ओरडून हाक मारली. "बाई, लवकर या!"

बाई रक्ताळलेल्या हातमोज्यांनीच आल्या. पाठीमागे सुतार हात वर धरून दारात थबकला. बाईंनी बाळाकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा वैताग पुसला गेला. इतका वेळ बाई रागावतील याची तिला भीती होती. आता त्या रागावत नव्हत्या, याची वाटू लागली.

"अँब्युलन्स बोलवा!" बाई बाहेर ओरडल्या. मग तिच्याकडे वळल्या. "मी अँटिबायोटिकचं प्रमाण सांगते. इंजेक्शन तू भर, तूच दे. मांडीत."

"मी?"

"माझे हात बरबटलेत. दे."

तिने औषध भरलं, बाळाच्या मांडीत सुई टोचली आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबला. मग बाळाला आईच्या उघड्या छातीशी बिलगवलं, वरून होती नव्हती तेवढी पांघरुणं लपेटली. गाडी आली. बाई सोबत गेल्या. आजीला गाडीत जागा उरली नाही.

"रडत नव्हता, म्हणून मला वाटलं..." आजी म्हणाली, आणि पायरीवरच बसली.

दुपारी बाईंचा फोन आला. "रक्तात जंतू उतरलेत. श्वास चालू आहे. फार उशीर झाला नाही, एवढंच आत्ता सांगू शकते." मग म्हणाल्या, "पुढचे रुग्ण बघ. मी आहे फोनवर."

तिने तोंडावर पाणी मारलं आणि दार उघडलं. एक बाप पोराला काखोटीला मारून आत आला. पोरगं लाथा झाडत, लालबुंद होऊन टाहो फोडत होतं.

"माफ करा हं, आवरतच नाही," बाप ओशाळला. "ए, गप! गप बस म्हणतो ना!"

"रडू द्या," ती म्हणाली. "त्याला गप्प करू नका."

तिने पोराच्या छातीला नळी लावली. त्या भोकाडापुढे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तरी तिने ती बराच वेळ काढली नाही.