फळीवरचा गोल

धाकट्या जावेने बिनपॉलिशच्या लाकडी फळ्या निम्म्या भावात आणल्या, आठ दिवस त्यांना खोलीची हवा लागू दिली आणि मग नवराबायकोने मिळून त्या जमिनीवर बसवल्या. थोरलीच्या घरात लाकडाचं चित्र छापलेलं प्लास्टिक अंथरलेलं होतं. त्यामुळे पायाखाली अस्सल लाकूड लागताच तिच्या पोटात दुखायला लागलं.

“पॉलिश परवा करणार. तोवर फार जपायचं, ताई. कोरं लाकूड पाण्याचा थेंबसुद्धा पिऊन टाकतं,” धाकटी चहाचा कप हातात देत म्हणाली.

“हो का? बरं झालं सांगितलंस.”

धाकटी बिस्किटं आणायला वळली, तशी थोरलीने कपातला चहा जरासा हिंदकळू दिला आणि ओल्या बुडाचा कप खिडकीजवळच्या फळीवर टेकवला. मग मोठ्याने म्हणाली, “अगंबाई, विसरलेच की!”

पंधरा दिवसांनी सगळं घर तिथे जेवायला जमलं. जमीन आरशासारखी चमकत होती. थोरलीची नजर मात्र थेट खिडकीकडे गेली. पॉलिशच्या तीन हातांखाली तो तपकिरी गोल ठसठशीत दिसत होता. तिच्या काळजाला गारवा मिळाला.

“अरेरे, डाग गेलाच नाही का गं?” तिने सगळ्यांदेखत विचारलं.

“जात होता की! हे घासायलाच बसले होते, मीच हात धरला,” धाकटी हसून म्हणाली.



“म्हटलं, नव्या जमिनीवरचा पहिला चहा आमच्या ताईंनी घेतलाय, तेवढी खूण राहू दे.”