बाजूने दिसण्यासाठी

पुढे दिवा होता, मागे लाल काच होती. पण बाजूने सायकल दिसायची नाही, म्हणून बाबांनी धाकटीच्या चाकांच्या तारांना चकाकत्या पट्ट्या लावल्या. एकेक, फुंकर मारून.

“आणि माझ्या?”

“तुला कशाला गं? तू येतेस तीच तोंड चालवत. मैलभरावरून कळतं!”

धाकटी खिदळली. माझ्या बाजूने या घरात कधी कोण होतं?

दुसऱ्या दिवशी मी त्या पट्ट्या नखाने सोलून काढल्या आणि माझ्या चाकांना लावल्या. अंधार पडताच सायकलवर बसले आणि अंगणात आडवी थांबले.

“बाबा, बॅटरी मारा. बाजूनं दिसते का?”

बाबांनी बॅटरी मारली. दोन्ही चाकं पांढरी पेटली.

“लख्ख!”

“आणि मी?”

उजेड चाकांवरून वर सरकला, माझ्या तोंडावर थांबला. डोळे दिपले. मग बाबा माझ्या आजूबाजूला बॅटरी फिरवत कुणालातरी शोधू लागले.

मागून धाकटी आली. “अगंबाई! ताईची सायकल आपोआप उभी कशी?”

मी ओरडले. पुन्हा ओरडले.

“ताईला हाक मार,” बाबा हळूच तिला म्हणाले. “स्टँडसुद्धा लावलेला नाही.”