दुधाची फेरी

रिटायर झाल्यापासून यांनी माझी बाहेरची सगळी कामं अंगावर घेतली. "लय धावली तू, आता आराम कर," म्हणत दूधही हेच आणून राहिले. आधी मी दूध आणायला जायची, तेव्हा बूढा तालाबाच्या काठी दुधाची पिशवी मांडीवर घेऊन कुंदाताई अन् मी अर्धा तास बसायचो, आपापल्या नवऱ्याची गाऱ्हाणी सांगायचो. तेवढंच तर माझं बाहेर पडणं होतं!

आज मी गुपचूप दुधात लिंबू पिळलं. "अहो, दूध नासलं. दुसरं घेऊन येते."

"मी आहो ना, तू बस वो," म्हणत यांनी स्कूटर काढली.

परतले तेव्हा मागच्या सीटवर कुंदाताई होत्या. "रोज तुलेच विचारून राहिल्या होत्या. बोला आता घरीच, आरामात," हे म्हणाले,



अन् खुर्ची ओढून आमच्या मधोमध बसले.