टोक वर, टोक खाली

"हा त्रिकोण नाय, बाई."

चौथीचा अख्खा वर्ग एकमुखानं असं म्हणाला आणि विमलबाईंना आधी हसूच फुटलं. सोमवारी साहेब तपासणीला यायचे होते, म्हणून त्यांनी घरून पुठ्ठ्याचे आकार कापून आणले होते आणि भूमितीची उजळणी चालली होती. चौकोन झाला, गोल झाला, सगळं कसं तोंडपाठ. आणि या साध्या त्रिकोणापाशी पोरं अडून बसली.

"का रे बाबांनो? मोजा की. तीन बाजू, तीन कोन. अजून काय हवं?"

"टोक वर हाय त्याचं," पांडू म्हणाला. "त्रिकोणाचं टोक खाली असतं."

बाईंचं हसू मावळलं. शहात्तर साल होतं. पुस्तकातला त्रिकोण कोण बघतो? पोरांनी पाहिलेला त्रिकोण दवाखान्याच्या भिंतीवरचा, लाल, खाली टोक असलेला, कुटुंबनियोजनाचा. लोधिवलीच्या रस्त्यानं जाता-येता तो दिसायचाच.

त्यांनी पुठ्ठा फिरवला. "हे बघा. टोक खाली. आता?"

"त्रिकोण!"

"आणि आता वर?"

"नाय."

"अरे, उलटा करा, सुलटा करा, आडवा पाडा, त्रिकोण तो त्रिकोणच. म्हणा."

पोरं म्हणाली. पटलं नव्हतं, पण म्हणाली.

आवडी तेवढी गप्प होती. गेल्या महिन्यात तिचा धाकटा भाऊ गजा तापानं गेला, तेव्हापासून ती बोलतच नव्हती. तिचा बाप कोंडीराम म्हणजे विमलबाईंची 'केस'. प्रत्येक शिक्षकानं दोन माणसं नसबंदीच्या ऑपरेशनला न्यायची, नाहीतर बदली, असा वरून हुकूम आला होता. शिमग्याआधी कर्जतच्या शिबिराला कोंडीरामला बाईंनीच समजावून नेलं होतं. समजावून कसलं, गळ्यात पडून.

आवडी उठून पुढं आली. तिनं पुठ्ठा मागून घेतला, उलटा धरला, सुलटा केला.

"म्हंजे उलटा असला तरी सुलटा करता येतो ना, बाई?"

"येतो की."

"बाचा पन?"

बाईंना कळायला जरा वेळ लागला. शिबिराच्या दिवशी कोंडीराम पाय मागं घेत होता, एकच पोरगा हाय म्हणत होता. त्यावर आपणच त्याला सांगितलं होतं की घाबरू नका, लागलं तर पुन्हा होतं तसं करून देतात. आपल्याला कुणी सांगितलं होतं तसं? कुणीच नाही. तोंडाला आलं ते बोलून गेलो.

"कुणी विचारायला सांगितलं गं तुला?" बाईंनी हळूच विचारलं.

"बानं. तुमीच बोल्ला व्हता, म्हनतो. भायेर उभा हाय."

बाई दारापाशी गेल्या. पायरीखाली कोंडीराम उभा होता. अंगात धुतलेला सदरा, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. त्यांना बघून त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"चला बाई," तो म्हणाला. "कर्जतलाच जायचं ना? सांजपर्यंत येतो, असं घरी सांगून आलोय."