स्लॅबची गॅरंटी

पिंप्राळ्यातल्या नव्या घराच्या गच्चीवर पितांबर ठेकेदाराने तड्यात काडेपेटीची काडी उभी घातली. अर्धीअधिक आत गेली.

"वरवरचा नाही हा," शैला म्हणाली. "भाऊ, तुम्ही वर्षाची गॅरंटी दिली होती. मृगाच्या आत दुरुस्ती झाली नाही, तर आईच्या डोक्यावर गळेल. भाड्याची खोली सोडलीय आम्ही."

"आजही देतो ना गॅरंटी! मालाची, कामाची. पण स्लॅबला पाणी मारायचं नानांकडे होतं, ताई. मी म्हटलं, माणूस लावतो. तर म्हणे, 'रिटायर माणसाला घरी बसवतोस का रे?'"

हसता हसता त्याने जीभ चावली. नाना, शैलाचे वडील, जाऊन महिनाच होत होता.

"देवमाणूस होते. पण स्लॅब तहानलेला राहिला, त्याला काय करू? चैत्राचं ऊन. फाटणारच."

"तुमच्या मालात वाळू जास्त असेल."

"असं? या माझ्यामागं."

हातोडीच्या दांड्याने ठोकत तो गच्चीभर फिरला. जिकडेतिकडे तडे. पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र तो उकिडवा बसला.

"हे बघा. केसाएवढी चीर नाही. सिमेंट तेच, वाळू तीच, दिवस तोच. इथं पोटभर पाणी मिळालंय. बठ्ठी गच्ची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अशी भिजती, तर मला बोलवायची वेळ आली असती का? तुम्हीच सांगा."

ऊन लागून नाना याच कोपऱ्यात कोसळले होते. हातातला पाइप तिथंच पडला. त्यांना उचलून खाली नेलं, रिक्षात घातलं, सिव्हिलला नेलं. मोटार बंद करायचं दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला सुचलं नाही. तोवर पाणी साचून राहावं म्हणून कोपऱ्यात घातलेलं मातीचं आळं काठोकाठ भरलं होतं. पुढे तेराव्यापर्यंत कुणी वर चढलंच नाही.

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पाणीच कमी पडलं. दुरुस्तीचं आम्ही बघू."

इतक्या लवकर कुणी ऐकून घेईल, असं पितांबरला वाटलं नव्हतं. हातोडी पिशवीत टाकूनही तो घुटमळत राहिला.

शैलाने चपला काढल्या आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"ताई," तो म्हणाला, "चपला घाला. पाय भाजतील."