गिअरची टोपी

एलिसेओने स्पोर्ट्स कारचा चामड्याचा गिअर नॉब काढून आरशासारखा चकचकीत पोलादी नॉब बसवला आणि सांतो दोमिंगोतल्या आपल्या गल्लीत घरोघरी मिरवत सुटला. शेजारच्या ओविदिओच्या टॅक्सीत नॉबवर बायकोने विणलेली टोपी होती. ती पाहून एलिसेओ चारचौघांत खिदळला, "काय काका, गिअरला थंडी वाजते वाटतं?"

तीस वर्षं याच उन्हात टॅक्सी चालवलेल्या ओविदिओने टोपी नीट बसवली आणि गाडी सुरू केली. असल्या दीडशहाण्याला कोण सांगणार!

रविवारी भर दुपारी तीन तास समुद्रावर उभी केलेली गाडी घेऊन एलिसेओ परतला. तळहातावर टपोरा फोड, एक पाय उघडा आणि त्या पायातला मोजा नॉबवर.

ओविदिओ खिडकीशी वाकला.

"तुझी काकू विचारतेय, कुठल्या रंगाची विणू?"