शिवणमावशीची चादर

"बूट बाहेर काढ, बाह्या वर कर," आई म्हणाली. "आणि तो चेहरा जरा सरळ कर. मावशीला दिसत नाही, पण मला दिसतो."

तिचा मुलगा, चर्चचा पाळक, दारातच घुटमळला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात चार घड्यांचा कागद. येत्या रविवारी उपासना संपली की तो राजीनामा पंचांच्या हातात ठेवायचा आणि पाळकपणातून मोकळं व्हायचं, हे त्याने सकाळीच चहा पिता पिता आईला सांगितलं होतं. "माझ्यातलं बळ संपलंय गं. उपदेशाला उभा राहतो, तर आत काहीच नसतं." आईने त्याचा कप उचलला, विसळला, पालथा घातला. म्हणाली, "मग रिकामाच आहेस ना? चल. माझी जोडीदारीण कंबर धरून बसलीय, मावशीची चादर बदलायला मला एक माणूस कमी आहे."

बळ म्हणे! वर्षभरात ते परत आणायला हा माणूस तीन शिबिरांना जाऊन आला. जाताना बॅग, येताना फाइल. प्रत्येक फाइलवर पंख पसरलेला गरुड आणि खाली नवं बळ मिळण्याचं बायबलमधलं वचन. तिन्ही गरुड कपाटावर धूळ खात पडले होते आणि हा त्यांच्याखाली पलंगावर, छताकडे बघत. पडून पडून दमलेला माणूस आईने जन्मात एकच पाहिला, आणि तोही नेमका आपल्याच पोटचा.

मावशीची खोली लाँड्रीच्या मागे होती. भिंतीपलीकडून वाफेचा वास येत होता. चर्चचे सगळे पडदे जिने शिवले, ती शिवणमावशी पलंगावर पडून होती. पायांत जीव नाही, डोळ्यांत उजेड नाही. कान मात्र लख्ख.

"कोण गं बरोबर?"

"हमाल आणलाय."

"बरा आहे का?"

"दिसायला बरा आहे. कामाचं बघू."

पाळकाने तोंड उघडलं. आईने असं काही पाहिलं की त्याने ते मिटलं.

चादर बदलायची त्यांची रीत ठरलेली होती. एकाने मावशीला आपल्याकडे कुशीवर वळवून धरायचं. दुसऱ्याने मळकी चादर तिच्या पाठीपर्यंत गुंडाळत आणायची, मागोमाग धुतलेली पसरायची. धरणाऱ्याने सोडायचं नाही, एवढंच त्यातलं शास्त्र.

पाळकाने तिला वळवलं. वळवलं की मावशीच्या कमरेतून कळ जायची, आणि कळ गेली की ती मोठ्याने प्रार्थनेला लागायची. "देवबापा," तिने सुरुवात केली.

पाळकाने डोळे मिटले, मान लववली आणि दोन्ही हात जोडले.

मावशी घरंगळत कडेला आली. आईने हातातली चादर टाकली आणि तिला मागून कवळ घालून ओढलं.

"हात!" आई खेकसली. "अरे, जोडतोस काय? धर तिला! देवाला ऐकू येतं, त्याला हात नाही दाखवावे लागत."

मावशी घाबरली नाही, उलट हसायला लागली. "नवीन दिसतोय."

"नवीन कुठला, चांगला जुना आहे," आई म्हणाली. "वापरात नव्हता."

पाळकाने मावशीला पुन्हा धरलं, या खेपेला डोळे उघडे ठेवून. हाताखाली नुसती हाडं लागत होती. मावशीने सुटलेली प्रार्थना होती तिथून उचलली.

"देवबापा, आमच्या पाळकाला आज तरी झोप लागू दे. लाँड्रीवाली मला मोबाइलवर त्याचा उपदेश लावून देते. हल्ली तो वाक्यं लांबवतो. मला कळतं, पोरगं दमलंय. त्याला बळ दे. माझ्यातलं काही उरलं असेल तर तेच दे, इथे पडून मला काय करायचंय त्याचं? आणि या हमालाला थोडं काम शिकव. आमेन."

"आमेन," आई म्हणाली. पाळकाने नुसते ओठ हलवले.

मागच्या नळावर मळकी चादर आणि पांघरूण धुवायला काढलं, तेव्हा त्याने खिशातला कागद भिजू नये म्हणून कट्ट्यावर काढून ठेवला. साबण लावून झाला, चादर खळबळून झाली. मग म्हणाला, "आई, ती माझ्यासाठी रोज..."

"रोज. कळ काय सुट्टी घेते? रडायचं असेल तर नंतर रड. ते टोक धर."

त्याने धरलं. दोघं पिळायला लागली. चादर नुसतीच गरगर फिरली, पाण्याचा थेंब नाही.

"उलटं पीळ रे! मी फिरवते तिकडेच तूही फिरवतोस. त्या तीन फायलींत एवढंही नव्हतं होय?"

त्याने मनगटं उलटी फिरवली. भस्सकन पाणी सुटलं आणि त्याच्या उघड्या पायांवर पडलं.

तेवढ्यात वाऱ्याने कट्ट्यावरचा कागद फडफडला. दोघांनीही पाहिलं. पाळकाचं अंग तिकडे वळलं, पण चादरीचं टोक त्याने सोडलं नाही.

आईने आपलं टोक काखेत दाबलं, दोन पावलं पुढे जाऊन साबणाची ओली वडी त्या कागदावर ठेवली.

"उडेल बाबा," ती म्हणाली. "महत्त्वाचा आहे ना?"

कागदावर ओल पसरत गेली. पाळकाने पिळलेली चादर तारेवर टाकली, बादलीतून पांघरूण वर काढलं आणि एक टोक तिच्यापुढे धरलं.